विसाव्याचे घर

प्रस्तावना

शहराच्या धावपळीतून चार दिवस बाजूला व्हावे, झाडांच्या सावलीत किंवा समुद्राची गाज ऐकत राहावे, अशी इच्छा अनेकांच्या मनात असते. कोणी त्यासाठी गावाकडच्या वडिलोपार्जित जागेत एखादी खोली बांधतो. कोणी पर्यटकांसाठी लहान घरे उभारून त्यावर कुटुंबाचा चरितार्थ चालवतो. गवंडी, सुतार, रंगारी अशा अनेक कारागिरांना या घरांमुळे काम मिळते. परंतु पुष्कळदा शहरातला बंगलाच जसाच्या तसा रानात आणून ठेवला जातो. त्यासाठी उतार सपाट केला जातो, झाडे तोडली जातात, रात्रभर दिवे जळतात आणि ज्याच्या ओढीने माणूस तेथे गेला, तो निसर्गच दूर सरकतो. हे टाळून सुखाचे, टिकाऊ आणि आटोपशीर घर कसे उभारावे, याची माहिती या पाठात दिली आहे. त्यासाठी सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्या मधली कोकणपट्टी हे मुख्य उदाहरण घेतले आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला –
• घरासाठी जागा निवडताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात, हे सांगता येईल.
• ऊन, वारा व पाऊस यांचा घराच्या रचनेशी असलेला संबंध स्पष्ट करता येईल.
• छपरावर पडणाऱ्या पावसाच्या पाण्याचा हिशेब करता येईल.
• स्वतःच्या प्रदेशातील पारंपरिक घरांकडे अभ्यासू दृष्टीने पाहता येईल.

मूळ पाठ

घर किती मोठे असावे?

चंदीगड शहराचा आराखडा करणारे वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांचे नाव भारतात सर्वपरिचित आहे. त्यांनी जगभर भव्य इमारती उभारल्या. मात्र सुट्टीत राहण्यासाठी स्वतःकरिता त्यांनी जे घर बांधले, ते अवघ्या एका खोलीचे होते. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, समुद्रावर झुकलेल्या एका उतारावर १९५२ मध्ये ही लाकडी कुटी उभी राहिली. तिची लांबी आणि रुंदी प्रत्येकी ३.६६ मीटर, म्हणजे सुमारे बारा फूट आहे. उंची २.२६ मीटर आहे. एवढ्या जागेत झोपण्याची सोय, टेबल, कपाट, हात धुण्याचे भांडे आणि शौचकूप बसवलेले आहे. स्वयंपाकघर मात्र नाही, कारण शेजारीच एक लहान खाणावळ होती आणि तिच्याकडे जाणारे दार कुटीतच होते. २०१६ मध्ये युनेस्कोने त्यांच्या निवडक वास्तूंना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या यादीत चंदीगडचा भव्य कॅपिटॉल परिसर आहे आणि ही बारा फुटी कुटीही आहे.

या उदाहरणातून एक साधी गोष्ट लक्षात येते. विसाव्याच्या घरात माणूस फार काळ घरात बसत नाही. दिवसाचा बराच वेळ अंगणात, पडवीत, झाडाखाली किंवा पाण्याकाठी जातो. म्हणून घरात झोपणे, रांधणे, न्हाणे आणि पावसात बसणे एवढ्यांची नीट सोय असली की पुरते. घर लहान असले की खर्च कमी येतो, झाडे कमी तोडावी लागतात आणि मागे राहून घराची देखभाल करणाऱ्या माणसावरचा भारही हलका होतो.

जागेची ओळख

घराचा आराखडा कागदावर उतरण्याआधी जागेची ओळख करून घ्यावी लागते. डिसेंबरात पाहिलेली जागा मोहक दिसते. हवा कोरडी असते, गवत पिवळे झालेले असते आणि दूरवरचे डोंगर स्पष्ट दिसतात. तीच जागा जुलैमध्ये पाहिली, तर तिचा खरा स्वभाव कळतो. पाणी कोठून येते, कोठे साचते, कोणत्या पायवाटेचा ओढा होतो आणि वारा कोणत्या बाजूने झोडपतो, हे पावसाळ्यातच दिसते. शक्य असेल तर बांधकामाआधी एक संपूर्ण वर्ष जागेवर अधूनमधून जाऊन राहावे. गावातील वृद्धांना विचारावे. कोणती विहीर केव्हा आटते आणि कोणता उतार पूर्वी खचला होता, हे त्यांना ठाऊक असते.

डोंगराळ भागात ही चौकशी जीवन-मरणाची ठरू शकते. पुणे जिल्ह्यातील मालीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला. रायगड जिल्ह्यात २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथे आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी येथे दरडी कोसळल्या. केरळमधील वायनाड जिल्ह्यात ३० जुलै २०२४ रोजी अशीच भीषण दुर्घटना झाली. या चारही घटना जुलै महिन्यातल्या, मुसळधार पावसातल्या आहेत. पाणी मुरून माती जड आणि सैल होते. तिची धरून राहण्याची शक्ती संपली की ती खडकावरून घसरते. उताराचा पायथा खणला किंवा मुळांनी माती धरून ठेवणारी झाडे तोडली, तर हा धोका आणखी वाढतो.

म्हणून तीव्र उताराच्या तळाशी, ओढ्याच्या पात्रालगत किंवा पाणी उतरून येणाऱ्या घळीच्या तोंडाशी घर बांधू नये. झाडांचे बुंधे एकाच बाजूला कललेले असणे, जमिनीत लांब भेगा पडणे, पूर्वी नसलेला झरा अचानक फुटणे किंवा झऱ्याचे पाणी गढूळ होणे ही धोक्याची चिन्हे आहेत. उतार सौम्य व स्थिर असला, तरी तो कापून सपाट करण्याऐवजी घराचे जोतेच पायऱ्या-पायऱ्यांचे करावे किंवा घर खांबांवर उचलून धरावे. वरून येणारे पाणी घराला वळसा घालून पुढे जाईल, असा चर घरामागे खणावा. जमिनीचे कागद, बांधकामाची परवानगी तसेच वनजमीन आणि समुद्रकिनारा यांसंबंधीचे नियम खरेदीपूर्वीच तपासावेत.

ऊन, वारा आणि पाऊस

रत्नागिरी हे शहर सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे डिसेंबरच्या अखेरीस दुपारचा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला, क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवर असतो. जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर आणि किंचित उत्तरेला असतो. याचा अर्थ असा, की उत्तर व दक्षिण बाजूंच्या भिंतींवर उन्हाळ्यातले दुपारचे ऊन फारसे पडत नाही. पुढे आलेल्या वळचणीने ते सहज अडते. सकाळी पूर्वेकडून आणि संध्याकाळी पश्चिमेकडून येणारे ऊन मात्र तिरपे असते. ते वळचणीखालून थेट घरात शिरते आणि दिवसभर तापलेल्या भिंतीला आणखी तापवते. यासाठी घराच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेला आणि अरुंद बाजू पूर्व-पश्चिमेला ठेवाव्यात.

कोकणात येथेच एक पेच उभा राहतो. समुद्र पश्चिमेला आहे. डोळ्यांना हवे असलेले दृश्य, दुपारनंतरचे कडक ऊन आणि नैर्ऋत्येकडून येणारा वादळी पाऊस ही तिन्ही एकाच दिशेने येतात. त्या बाजूला मोठी काच बसवली, तर दृश्य मिळते. पण मे महिन्यात खोलीची भट्टी होते आणि पावसाळ्यात चौकटीतून पाणी झिरपते. कोकणातल्या जुन्या घरांनी या पेचावर पडवीचा उपाय शोधला आहे. पडवी म्हणजे घराच्या कडेची, छपराखालची पण मोकळी जागा. तिचे छप्पर बाहेरच्या बाजूला खाली उतरत येते. उभ्या माणसाला ते ठेंगणे वाटले, तरी बसलेल्या माणसाला त्याखालून समुद्र पूर्ण दिसतो. ऊन व पाऊस पडवीतच थांबतात आणि भिंतीपर्यंत पोहोचत नाहीत. पावसाळ्यात पडवीच्या उघड्या बाजूला नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधले, की वाऱ्याबरोबर आत येणारे पाणीही अडते.

एक लहान आराखडा डोळ्यांसमोर आणावा. मधोमध बारा फूट लांब व बारा फूट रुंद खोली, तिच्या पश्चिमेला आठ फूट खोल पडवी आणि पूर्वेला तितक्याच जागेत स्वयंपाकघर व न्हाणीघर. असे घर पूर्व-पश्चिम २८ फूट लांब आणि १२ फूट रुंद होते. सकाळचे कोवळे ऊन स्वयंपाकघराला मिळते आणि दुपारचे पडवी झेलते. खोलीच्या उत्तर व दक्षिण भिंतींत समोरासमोर खिडक्या ठेवल्या, की वारा आरपार खेळतो. कोकणातल्या दमट हवेत घाम वाळवणारी ही झुळूक फार सुखाची असते. खिडकीचा खालचा काठ दीड फुटावर ठेवून तेथे बसायला कट्टा केला, तर खुर्च्यांची गरज उरत नाही आणि बसल्या जागेवरून झाडे दिसतात. माकडांचा उपद्रव असलेल्या भागात या खिडक्यांना गज हवेतच.

भिंती आणि छप्पर

कोकणात घरासाठी जांभा दगड वापरण्याची जुनी परंपरा आहे. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, त्यामुळे त्याचे चौकोनी चिरे सहज कापता येतात. हवा लागल्यावर तो हळूहळू कठीण होतो. त्याच्या जाड भिंती दुपारचे ऊन आत पोहोचू देत नाहीत. तो सच्छिद्र असल्यामुळे पाणी मात्र शोषून घेतो. म्हणून जोते उंच ठेवणे, वळचण अडीच-तीन फूट पुढे काढणे आणि पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर नेणे आवश्यक असते.

छपरासाठी मंगळुरी कौले सोयीची असतात. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना सुरू केला आणि तेव्हापासून ही कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वदूर पसरली. कौले एकमेकांत अडकत असली, तरी त्यांच्यामधून थोडी हवा खेळते आणि वर गेलेली गरम हवा बाहेर पडते. मुसळधार पावसाच्या प्रदेशात छपराला ३० अंशांच्या आसपास उतार द्यावा. चारही बाजूंनी उतरणारे चौपाखी छप्पर केले, तर कोणतीच भिंत पावसात उघडी पडत नाही. नुसत्या पत्र्याचे छप्पर स्वस्त पडते, पण उन्हात तापते आणि पावसात त्याचा एवढा आवाज होतो की बोलणे ऐकू येत नाही.

भारतात अशा विचाराला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत लॉरी बेकर यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. १९१७ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेल्या बेकर यांनी भारतालाच आपले घर मानले. हिमालयातील पिथोरागडजवळ अनेक वर्षे राहून स्थानिक कारागिरांकडून ते बांधकाम शिकले आणि नंतर केरळात स्थायिक झाले. गांधीजींशी झालेल्या भेटीचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. आदर्श घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्यातून बांधले जावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर जपला. तिरुवनंतपुरम येथे एका खडकाळ, चढणीच्या जागेवर त्यांनी स्वतःचे घर उताराला धरून बांधले. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले.

विटांच्या रचनेत ठरावीक अंतरावर भोके सोडून केलेली जाळीची भिंत हे बेकर यांच्या घरांचे एक वैशिष्ट्य आहे. विसाव्याच्या घराला अशी जाळी विशेष उपयोगी पडते, कारण हे घर वर्षातले बरेच महिने बंद असते. बंद घरात दमट हवा कोंडते, गाद्यांना बुरशी धरते आणि लाकडाला वाळवी लागते. भिंतीच्या वरच्या भागात, वळचणीच्या आडोशाला अशी जाळी ठेवली आणि तिला आतून बारीक तारेची जाळी लावली, तर किडे व साप आत येत नाहीत, पण हवा खेळती राहते. लाकडी पलंगाऐवजी बांधीव कट्टे, गाद्यांसाठी पत्र्याची पेटी आणि आठवड्यातून एकदा दारे-खिडक्या उघडणारा विश्वासू माणूस, एवढी तजवीज केली तर घर पावसाळ्यातही शाबूत राहते.

स्थानिक साहित्य वापरायचे, याचा अर्थ ते वाटेल तितके ओरबाडायचे असा होत नाही. जांभ्याच्या खाणींनीही डोंगर पोखरले जातात आणि लाकडासाठी जुनी झाडे पडतात. म्हणून मोडकळीस आलेल्या जुन्या घरांची कौले, चिरे, वासे व दारे मिळाली, तर ती आधी वापरावीत. नवे साहित्य त्यानंतर आणावे.

पाणी आणि सांडपाणी

कोकणात अनेक ठिकाणी वर्षाला २५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही एप्रिल-मे महिन्यांत तेथील कित्येक विहिरी तळ गाठतात. अशा वेळी बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी गावाच्या पाण्यावर ताण आणणे योग्य नव्हे. याचे उत्तर छपरावरच असते.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी मिळते. वरच्या आराखड्यातील घराचे छप्पर वळचणीसह सुमारे ५० चौरस मीटर जागा झाकते. त्यावर २५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १,२५,००० लिटर पाणी होते. त्यातले काही उडून व सांडून जाते. तरीही पाचातले चार भाग धरले, तर एक लाख लिटर पाणी पन्हळीतून गोळा करता येते. एवढे सगळे साठवणे शक्य नसते आणि त्याची गरजही नसते. दोन माणसांनी प्रत्येकी रोज ५० लिटर पाणी वापरले, तर १०,००० लिटरची टाकी १०० दिवस पुरते. उरलेले पाणी शोषखड्ड्यात सोडून जमिनीत मुरवावे. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी छपरावरची धूळ व पाने घेऊन येते. ते टाकीत घेऊ नये. साठवलेले पाणी पिण्यासाठी वापरायचे असेल, तर गाळून व उकळून घ्यावे.

न्हाणीघरातील सांडपाणी केळी आणि अळूच्या वाफ्याला सोडण्याची कोकणातील रीत आजही उपयुक्त आहे. शौचालयाचा खड्डा मात्र विहिरीपासून आणि झऱ्यापासून शक्य तितका दूर, निदान ५० फुटांवर आणि उताराच्या खालच्या अंगाला असावा. सच्छिद्र व भेगाळ जांभ्यातून मैलापाणी लांबवर झिरपू शकते, हे येथे ध्यानात ठेवावे.

अंधार आणि शेजार

पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीतील भंडारदऱ्यासारख्या परिसरात झाडे काजव्यांनी लखलखतात. हा प्रकाश म्हणजे काजव्यांची जोडीदाराला घातलेली साद असते. आसपास तीव्र दिवे असले, तर ती साद दिसत नाही आणि त्यांच्या मीलनात अडथळा येतो. म्हणून घराबाहेर मोजकेच, पिवळसर, जमिनीकडे वळवलेले दिवे असावेत आणि झोपताना ते बंद करावेत. पायवाटेवर विंचू-सापांची भीती असते, तेथे रात्रभर दिवा ठेवण्यापेक्षा हातातला विजेरी दिवा चांगला.

कुंपणाचाही असाच विचार करावा. उंच सिमेंटची भिंत पाणी अडवते, लहान प्राण्यांची वाट बंद करते आणि गावाकडे पाठ फिरवते. त्याऐवजी जांभ्याचे दगड नुसते एकावर एक रचून केलेला गडगा पाणी वाहू देतो. जागेतून जाणारी जुनी पायवाट, पाणवठा किंवा गुरांची वाट मोकळी ठेवावी. घरमालक वर्षातून चार आठवडे येतो. गाव मात्र बारा महिने तेथेच असते. घर बांधणारा गवंडी, त्याची राखण करणारे कुटुंब आणि दूध-भाजी पुरवणारे शेजारी हेही त्या घराचे आधारच असतात.

एकच आराखडा सर्वत्र चालत नाही

वरील आराखडा कोकणाचा आहे. तो तसाच उचलून दुसरीकडे नेला, तर फसेल. हिमाचल प्रदेशात थंडी आणि भूकंप यांना तोंड देण्यासाठी लाकूड व दगड यांचे थर आलटून-पालटून रचलेली ‘काठ-कुणी’ घरे बांधतात. तेथे उन्हाला अडवायचे नसते, त्याला घरात बोलवायचे असते. कच्छमधील ‘भुंगा’ या गोल घरांच्या जाड मातीच्या भिंती वाळवंटी उष्मा रोखतात. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात नीट बांधलेले अनेक भुंगे टिकून राहिले. आसाममधील मिसिंग लोक पुराचे पाणी खालून निघून जावे, म्हणून बांबूच्या खांबांवर घरे बांधतात. ही घरे दिसायला वेगवेगळी आहेत, पण प्रत्येकाने आपल्या जागेचा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या पाहून आकार घेतला आहे. नवे घर बांधणाऱ्यानेही आधी आपल्या परिसरातल्या जुन्या घरासमोर उभे राहावे आणि त्याचे छप्पर तसेच का, खिडकी तेथेच का, असे प्रश्न विचारावेत. त्यांच्या उत्तरांतूनच आपल्या घराचा आराखडा तयार होऊ लागतो.

थोडक्यात

विसाव्याच्या घराचे सुख त्याच्या आकारापेक्षा जागेच्या अचूक ओळखीवर अवलंबून असते. जागा पावसाळ्यात पाहावी, उतार कापू नये, घराची दिशा ऊन-पावसाप्रमाणे ठेवावी, छपरावरचे पाणी साठवावे आणि रात्रीचा अंधार व गावाची वाट जपावी. असे घर निसर्गावर भार होत नाही आणि राहणाऱ्यालाही दीर्घकाळ साथ देते.

शब्दार्थ

गाज – समुद्राच्या लाटांचा घुमणारा आवाज
चरितार्थ – उदरनिर्वाह
जोते – घराचा जमिनीवर उचललेला पाया, चौथरा
वळचण – भिंतीच्या पुढे आलेली छपराची कड
पागोळी – छपराच्या कडेवरून गळणारी पाण्याची धार
पन्हळ – छपराचे पाणी वाहून नेणारी नळी
चिरा – घडवलेला चौकोनी दगड
गडगा – दगड रचून केलेले कुंपण

स्वाध्याय

१. विसाव्याचे घर लहान असण्याचे कोणते फायदे पाठात सांगितले आहेत?
२. घरासाठीची जागा पावसाळ्यात का पाहावी? कारणे लिहा.
३. कोकणात पश्चिमेकडील बाजूबाबत कोणता पेच निर्माण होतो? पडवीमुळे तो कसा सुटतो?
४. ३० चौरस मीटर छपरावर वर्षात १००० मिलिमीटर पाऊस पडला, तर एकूण किती लिटर पाणी पडेल?
५. ‘स्थानिक साहित्य वापरायचे, याचा अर्थ ते वाटेल तितके ओरबाडायचे असा होत नाही.’ हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.
६. तुमच्या परिसरातील एखादे जुने घर पाहा. त्याचे छप्पर, भिंती, खिडक्या आणि अंगण यांचा तेथील हवामानाशी असलेला संबंध दहा-बारा ओळींत लिहा.